भोंगा थांबला आणि घर अधांतरी झाले

मराठी कौटुंबिक चित्रपटात घर मोडते ते सहसा घरातल्याच कुणामुळे. खाष्ट सासू, कान भरणारी नणंद, वाटणीला उठलेला भाऊ, व्यसनी नवरा. विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’ने (१९९१) हा साचा लोकप्रियतेच्या शिखरावर नेला. गिरणीच्याच जमिनीवर उभ्या असलेल्या लालबागच्या ‘भारतमाता’ चित्रपटगृहात मराठी चित्रपट पाहतच गिरणगावातल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. पण खुद्द गिरणगावातल्या घराची गोष्ट पडद्यावर आली तेव्हा घर मोडणारे कुणी त्या घरात सापडेना. महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ : झाली मुंबई सोन्याची’ (२०१०) हा तो चित्रपट. ‘सिटी ऑफ गोल्ड’ या नावाने तो हिंदीतही निघाला.

त्याचे मूळ जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात आहे. मंगेश कदम यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले. पवार स्वतः गिरणगावात वाढलेले आणि पत्रकार. नाटकातले घर चाळीतल्या एका खोलीचे. आई, तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरल्या बाबाला लेखक व्हायचे आहे, मोहनच्या डोक्यात सदैव क्रिकेट, धाकटा नरू दादागिरीच्या नादी लागलेला, आणि मंजूला या खोलीतून कशीही सुटका हवी आहे. चौघांचेही आईशी पटत नाही, आपसात तर नाहीच. वरवर पाहता हे नेहमीचेच भांडखोर घर.

या भांडणांचा उगम मात्र खोलीबाहेर आहे. तो समजण्यासाठी गिरणीतली नोकरी म्हणजे काय होते, हे पाहावे लागते. चिंचपोकळी स्थानकाच्या पूर्वेला लालबाग-काळाचौकी, पश्चिमेला सातरस्ता. या साऱ्या वस्तीचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. तीन पाळ्यांत काम चाले, आणि एकाच खोलीत एका पाळीची माणसे झोपत तेव्हा दुसरी कामावर असत. मुलगा हाताशी आला की ओळखीपाळखीने त्याला ‘बदली’ म्हणून लावायचे. रोज सकाळी दारावर हजर राहायचे, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. कालांतराने कायम होण्याची आशा. बापाची जागा मुलाला, अशी ही एक न लिहिलेली वारसाहक्काची व्यवस्थाच होती. पोरगा शाळेत नापास झाला तरी आईबाप फारसे हबकत नसत, ते या गिरणीच्या भरवशावर.

हा भरवसा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने संपला. दिवाळीच्या बोनसवरून असंतोष धुमसत होताच. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ नुसार वाटाघाटींचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता आणि कामगारांचा तर त्या संघटनेवर विश्वास उरला नव्हता. ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मान्यता नसलेल्या नेत्याशी बोलायला ना मालक तयार, ना सरकार. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, पण लाखाहून अधिक कामगारांना परतीची वाट उरली नाही. कित्येक जण कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात आपापल्या गावी गेले. जे राहिले त्यांच्या घरच्या बायकांनी डबे, पापड, धुणीभांडी यावर चूल पेटती ठेवली.

‘अधांतर’मधली भावंडे या मधल्या जागेत लोंबकळत आहेत. बापाची वाट बंद झालेली, दुसऱ्या कुठल्या वाटेची तयारी कधी कुणी करून घेतलेली नाही. नाटकाचे नाव किती नेमके आहे, हे इथे कळते. बाबाचे लिहिणे, मोहनचे क्रिकेट आणि नरूचा चाकू ही एकाच रिकामपणाची तीन रूपे आहेत. त्यांतल्या नरूला तेवढा रोजगार मिळतो, कारण त्या काळात गिरणगावात भरती चालू होती ती टोळ्यांतच.

नाटकाची ताकद अशी, की संप, मालक, पुढारी सारे दाराबाहेरच राहतात. आत येतात ते त्यांचे परिणाम. चित्रपटाने दार उघडून कॅमेरा रस्त्यावर नेला. त्यामुळे गिरणी, जमीन आणि पैसा यांचा संबंध प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसला, ही मोठी जमेची बाजू. सीमा बिश्वास यांची आई आणि शशांक शेंडे यांचा बाप लक्षात राहतात. वीणा जामकर यांची मंजू तर विशेष. पण रक्तपात आणि काही धीट प्रसंग इतके अंगावर येतात की खोलीतली ती कोंडी, जेवणाच्या ताटावरून उडणारे खटके, एकमेकांच्या नजरा चुकवणे, हे मागे पडते. टोळीयुद्धाचे चित्रपट मुंबईत उदंड झाले होते. बंद गिरणीमागच्या घराचा एखाददुसराच.

शीर्षकातले ‘सोने’ म्हणजे जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळ तिसरा-तिसरा हिस्सा महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटला जायचा होता. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. साहजिकच म्हाडा आणि पालिकेच्या पदरात पडणारी जमीन पुष्कळच घटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. चित्रपट आला तोवर परळमध्ये मॉल आणि मनोरे उभे राहिले होते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली ती चित्रपटानंतर, २०१२ साली. संप सुरू झाल्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती, आणि अर्ज घेऊन रांगेत उभे होते त्यांत कामगारांपेक्षा त्यांच्या विधवा आणि मुलेही कमी नव्हती.