ऑर्डरच्या चामडी कलाकृतीची किंमत कशी ठरवायची?

“एवढुशा चामड्याचे एवढे पैसे?” हा प्रश्न येणारच. म्हणून हिशोब कागदावर तयार ठेवा.

समजा, भंडाऱ्यातल्या गिऱ्हाइकाला अंबागड किल्ल्याचं १२ × १८ इंची चित्र कोरून हवंय. दर उदाहरणादाखल घेतलेत.

🔸 साहित्य: चित्र दीड चौरस फुटाचं, पण कातडं वेडंवाकडं असतं, कडा वाया जातात. २ फूट धरा. झाडाच्या सालीने कमावलेलंच चामडं घ्या. ओलं करून दाबलं की नक्षी बसते. क्रोमने कमावलेल्यावर ती नीट टिकत नाही. फुटाला २०० प्रमाणे ४०० रुपये. रंग, मेण, फ्रेम ३५०.

🔸 मेहनत: रेखाटन ३ तास, कोरकाम ८, रंग-पॉलिश ३. ताशी १०० ने १,४००.

🔸 वरखर्च: हत्यारांची झीज, वीज, पॅकिंग. १० टक्के, म्हणजे २१५.

🔸 नफा: २० टक्के, ४७३.

एकूण २,८३८. सरळ २,८५० सांगा.

मजुरी म्हणजे नफा नव्हे. मजुरीवर घर चालतं. नफ्यातून नवी हत्यारं येतात, मंदीचे महिने निघतात.

आपल्या जिल्ह्यातली आंधळगाव-मोहाडीची कोसा साडी कुणी सुताच्या वजनावर विकत नाही. मागावरचे दिवस तिच्या किमतीत असतातच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तरी तिची घासाघीस थांबलेली नाही.

शेवटचं: निम्मे पैसे आगाऊ घ्या. रेखाटन मंजूर झाल्यावर बदल सांगितला, तर त्याचे तास वेगळे लावा, आणि हे आधीच लिहून कळवा.

#हस्तकला #भंडारा