निरोप कोणी कोणास द्यावयाचा?

निवृत्ती हा शब्द आपल्या राजकारणास कधी मानवला नाही. डोणगावसारख्या मेहकर तालुक्यातील गावी जिल्हा परिषदेचा शिक्षक सेवानिवृत्त होतो, तेव्हा ती तारीख त्याच्या सेवापुस्तकावरून नोकरीच्या पहिल्या दिवशीच काढता येण्याजोगी असते. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात किंवा मोठ्या वर्गात सतरंज्या अंथरल्या जातात, शाल आणि श्रीफळ येते, मानपत्राचे वाचन होते, कोणीतरी आठवणी सांगता सांगता अंमळ लांबण लावतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर दुसरा शिक्षक उभा असतो. तहसील कचेरीतील कारकुनाचेही तेच. यात कोणास अन्याय वाटत नाही. मात्र हे नियम करणारी जी मंडळी विधिमंडळात आणि संसदेत बसतात, त्यांना असा कोणताही नियम लागू नाही. लोकसभेसाठी किमान पंचवीस आणि राज्यसभेसाठी किमान तीस वर्षे वय असावे असे राज्यघटना सांगते. कमाल वयाविषयी ती मौन पाळते. ते योग्यच आहे, कारण कोणास कधी घरी पाठवावयाचे हे मतदाराने ठरवावे अशी त्यामागील कल्पना. परंतु मतदाराने घरी पाठविणे निराळे आणि आपण होऊन घरी जाणे निराळे. पहिल्यास पराभव म्हणतात. दुसऱ्यासाठी आपल्याकडे धड विधीही तयार झालेला नाही.

पुढाऱ्याच्या निवृत्तीविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्याला निरोप देणाऱ्या अनुयायांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. भिंती रंगविणारा, मतदानकेंद्रावर याद्या घेऊन बसणारा, पुढाऱ्याची मोटार येणार म्हणून फाट्यावर हार घेऊन तासन् तास तिष्ठणारा जो कार्यकर्ता, त्याच्या आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे एका नावाशी बांधलेली असतात. ते नाव यादीतून गेले की त्याचे काय होते? त्याला कोणी विचारलेले नसते आणि पुष्कळदा कोणी कळविलेलेही नसते.

हा प्रश्न परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या पक्षांच्या बाबतीत अधिक बोचरा ठरतो. आपल्याकडे इंग्लंडातील हुजूर पक्षाच्या धर्तीचा पक्ष नाही; त्यातल्या त्यात ज्यास उजवा किंवा परंपरानिष्ठ म्हणावे असा प्रवाह जनसंघाचा आणि त्यातून निघालेल्या भारतीय जनता पक्षाचा. ज्या परंपरेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ येतो, त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांना वेळीच बाजूस होणे सर्वांत सहज जमावयास हवे होते. ते प्रत्यक्षात कितपत जमले हे पाहण्यासाठी तीन उदाहरणे पुरेशी आहेत. योगायोगाने तिन्हींचा संबंध मराठी मुलखाशी किंवा मराठी माणसाशी आहे.

पहिले उदाहरण तर आपल्या शेजारचेच. नानाजी देशमुखांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी कडोळीचा. रिसोडच्या पलीकडचे हे गाव त्या वेळी निजामी मुलखातील परभणी जिल्ह्यात होते आणि आज हिंगोली जिल्ह्यात आहे. हा मराठी माणूस संघाचा प्रचारक म्हणून उत्तर प्रदेशात गेला आणि तेथील जनसंघाची उभारणी मुख्यतः त्यानेच केली. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात जयप्रकाशांवर लाठ्या चालू लागल्या तेव्हा ते घाव स्वतःच्या अंगावर घेणारे हेच नानाजी. आणीबाणीनंतर १९७७ साली ते बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले, आणि मोरारजींच्या मंत्रिमंडळात जागा देऊ केली असता त्यांनी ती नाकारली. साठी उलटलेल्यांनी सत्तेची पदे सोडून विधायक कामास लागावे, असे त्यांचे म्हणणे होते. असे सांगणारे पुष्कळ असतात. ते बहुधा इतरांच्या साठीविषयी बोलत असतात. नानाजींनी १९७८ साली स्वतःच निवडणुकीचे राजकारण सोडले. पक्ष तेव्हा सत्तेवर होता, पराभव झालेला नव्हता, कोणी ढकललेले नव्हते. या तिन्ही गोष्टी एकत्र येणे आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, हे सांगावयास नको.

अनुयायांच्या दृष्टीने या घटनेतील महत्त्वाचा भाग पुढेच आहे. नानाजींनी निरोप घेतला तो घरी बसण्यासाठी नव्हे. गोंडा जिल्ह्यात त्यांनी ग्रामविकासाचे काम उभे केले आणि जयप्रकाश व प्रभावती या दांपत्याच्या नावाने वसविलेल्या त्या ठिकाणास जयप्रभाग्राम असे नाव दिले. पुढे चित्रकूटला तेच काम मोठ्या प्रमाणावर झाले. तेथे १९९१ साली ग्रामोदय विद्यापीठ स्थापन झाले. ज्या कार्यकर्त्यास नानाजींबरोबर राहावयाचे होते त्याला राहण्यासाठी जागा होती, काम होते. ज्याला निवडणुकीच्या राजकारणातच राहावयाचे होते, त्याला नानाजींच्या नावाची शिडी आता मिळणार नाही हे स्पष्ट कळले होते. १९९९ साली राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून ते राज्यसभेत गेले याकडे कोणी बोट दाखवील. पण ती जागा मते मागून मिळवावयाची नसते. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला त्यांचे निधन झाले आणि इच्छेप्रमाणे त्यांचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी देण्यात आला. म्हणजे अखेरचा निरोपसुद्धा त्यांनी कामास लावला. २०१९ साली त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ जाहीर झाले, तेव्हा त्यांनी राजकारण सोडल्यास चाळीस वर्षे उलटून गेली होती.

दुसरे उदाहरण मुंबईचे. भारतीय जनता पक्षाचे पहिले मोठे अधिवेशन डिसेंबर १९८० मध्ये मुंबईतच भरले होते, वांद्र्याच्या किनाऱ्यालगत. अध्यक्ष होते अटलबिहारी वाजपेयी आणि त्या वेळी हाती सत्ता तर नव्हतीच, नजीकच्या काळात ती येईल असे मानणारेही थोडेच. बरोबर पंचवीस वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, पक्षाच्या रौप्यमहोत्सवासाठी देशभरचे कार्यकर्ते पुन्हा मुंबईस जमले, आणि शिवाजी पार्कवरील सभेत वाजपेयींनी आपण यापुढे निवडणूक लढविणार नाही असे जाहीर केले. मधल्या काळात पंतप्रधानपद येऊन गेले होते, २००४ चा पराभवही होऊन गेला होता, आणि वयाची ८१ वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. पुढची धुरा अडवाणी आणि प्रमोद महाजन या राम-लक्ष्मणांनी वाहावी, असेही ते त्या सभेत बोलून गेले.

त्या मैदानावर जे बसले होते त्यांचा विचार करावा. मलकापूर किंवा शेगावच्या स्थानकावर रात्रीची गाडी पकडून दादरला उतरणाऱ्या कार्यकर्त्यास ठाऊक होते ते एवढेच की उत्सव आहे. निरोप आहे हे त्याला व्यासपीठावरून कळावयाचे होते. घोषणा, टाळ्या, आणि परतीची गाडी. निरोपास जी पूर्वतयारी लागते, मनाची आणि संघटनेची, ती तेथे नव्हती. तरी एक गोष्ट निःसंशय चांगली झाली. नेत्याने स्वतः, लोकांसमोर, उभे राहून सांगितले. ज्यांनी त्याच्यासाठी घसा कोरडा केला होता त्यांना ती गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकावयास मिळाली. वारसाच्या निवडीचे मात्र नियतीने काही निराळेच ठरविले होते. पुढल्या मे महिन्यात प्रमोद महाजन गेले. वारस नेमून जाणे हा निरोपाचा भाग असू नये असे म्हणावयास ही घटना पुरावा म्हणून वापरणे योग्य होणार नाही. पण समोर बसलेल्या हजारोंना विचारल्यावाचून वारस सांगितला जातो, ही गोष्ट खटकते ती खटकतेच.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे, आणि माझ्या मते सर्वांत बोलके. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन विवाहानंतर इंदूरच्या झाल्या. १९८९ साली त्यांनी तेथे प्रकाशचंद्र सेठींचा, म्हणजे मध्य प्रदेशच्या माजी मुख्यमंत्र्यांचा आणि देशाच्या माजी गृहमंत्र्यांचा, पराभव केला आणि त्या निवडणुकीपासून २०१४ पर्यंतच्या आठही निवडणुका एकाच मतदारसंघातून जिंकल्या. हिंदी बोलणारे हे सबंध शहर त्यांना ‘ताई’ म्हणते. मराठी घरातील नाते दुसऱ्या भाषेच्या गावाने आपलेसे करावे, यापेक्षा मोठे मानपत्र कोणते? २०१४ ते २०१९ त्या लोकसभेच्या अध्यक्षा होत्या.

२०१९ ची निवडणूक आली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना उमेदवारी द्यावयाची नाही असे पक्षाचे धोरण ठरले होते, परंतु ते ताईंना समोर बसवून सांगण्याचे धैर्य कोणी दाखविले नाही. इंदूरचे नाव जाहीर होईना. अखेर ५ एप्रिल रोजी, शहात्तरावा वाढदिवस आठवड्यावर असताना, त्यांनी स्वतःच पत्र काढून आपण निवडणूक लढविणार नसल्याचे जाहीर केले. पक्ष संकोचात असेल तर त्या संकोचातून मी त्याला मोकळे करते, असा त्या पत्राचा आशय होता. त्याच सुमारास गांधीनगरचे अडवाणी आणि कानपूरचे मुरली मनोहर जोशी यांच्याही जागा दुसऱ्यांकडे गेल्या. जोशींनी आपल्याला लढू नये असे सांगण्यात आले आहे, एवढे मतदारांना लेखी कळविले. अडवाणींनी आपल्या लेखातून गांधीनगरकरांचे आभार मानले.

धोरण चुकीचे होते असे मला म्हणावयाचे नाही. उलट, ते पूर्वीच यावयास हवे होते. इंदुरात पक्षाने नवा उमेदवार दिला आणि तो पाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आला. तेव्हा जागा अडली नाही. अडले ते दुसरेच. तीस वर्षे ज्यांनी ताईंसाठी गल्ल्या पायाखाली घातल्या, त्यांना निरोपाची तारीखच मिळाली नाही. संकोच होता पक्षाचा आणि ओशाळलेपण आले कार्यकर्त्यांच्या वाट्याला: आपण हार घेऊन जावे तर तो सत्कार ठरेल, निषेध ठरेल की सांत्वन? शाळेतील शिपाईसुद्धा अशा पेचात कधी सापडत नाही.

दोष केवळ पक्षांचा आहे असेही नाही. ‘साहेब, आणखी एक वेळ’ असा आग्रह धरणारे अनुयायीच असतात, आणि त्या आग्रहात प्रेम किती आणि स्वार्थ किती हे तपासून पाहिले तर फार सुखद उत्तर मिळणार नाही. साहेब गेले की बदलीचे काम, सोसायटीतील शब्द, पंचायत समितीतील खुर्ची, सगळेच डळमळते. म्हणून साहेबांनी थकू नये, आजारी पडू नये, थांबू नये. आपल्या जिल्ह्याने तर निरोपाऐवजी अंत्ययात्राच पाहिली. खामगावचे पांडुरंग तथा भाऊसाहेब फुंडकर १९७८ पासून विधानसभा, अकोल्यातून तीन वेळा लोकसभा, प्रदेशाध्यक्षपद, विधान परिषदेतील विरोधी पक्षनेतेपद अशा पायऱ्या चढले आणि राज्याचे कृषिमंत्री असताना ३१ मे २०१८ रोजी वारले. वय अठ्ठेसष्टही नव्हते. घाटाखालून आणि घाटावरून खामगावास जे लोक लोटले, त्यांनी जे बोलावयाचे होते ते ज्याला सांगावयाचे तो ऐकावयास नव्हता.

इंग्लंडातील हुजूर पक्षाच्या स्टॅन्ली बॉल्डविनने १९३७ च्या मे महिन्यात, नव्या राजाचा राज्याभिषेक पार पाडून, स्वतः निवडलेल्या दिवशी पंतप्रधानपद सोडले. निरोप अतिशय प्रेमाचा झाला. तीन वर्षांत युद्ध अंगावर आले, शस्त्रसज्जतेतील ढिलाईचा ठपका त्याच्यावर बसला, आणि भंगार गोळा करताना त्याच्या घराची लोखंडी फाटकेही नेण्यात आली. निरोप म्हणजे निकाल नव्हे, हे त्याच्या अनुयायांना फार लवकर कळले. आपल्याकडील मानपत्रे लिहिणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेतलेला दिसत नाही. ‘दीनांचे कैवारी’पासून सुरुवात होते आणि चौकटीत मावेल तोवर विशेषणे चालू राहतात; झालेल्या कामांची यादी त्यात क्वचित सापडते, न झालेल्यांची कधीच नाही.

ती असावी. समोर बसलेला माणूस आता मते मागणार नाही आणि आपणही त्याच्याकडे काही मागणार नाही, ही अवस्था पुढारी आणि अनुयायी यांच्यात आयुष्यात एकदाच येते. त्या दिवशी खरे बोलावयास हरकत कोणती? बुलढाणा जिल्ह्यात ज्याने दोन-तीन निवडणुका लढविल्या असतील त्याच्या भाषणात खामगाव-जालना लोहमार्ग आल्यावाचून राहिला नसेल; ती मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि गाडी अद्याप धावलेली नाही. कोणी कोणती पत्रे लिहिली, कोठे काम अडले, कोणापुढे आवाज चढविला आणि कोणापुढे चढविला नाही, हे ज्याने तीस वर्षे त्या मागणीवर टाळ्या घेतल्या त्याने जाताना सांगावे. आता समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातूनच गेला आहे. नागपूरहून मुंबईकडे निघालेल्या पुढाऱ्यास जुन्या रस्त्यावरच्या डोणगावी गाडी थांबवून हार घेण्याचेही कारण राहिलेले नाही. तेव्हा निरोपाची तारीख निदान वर्षभर आधी गावास कळवावी, त्या दिवशी गावात यावे आणि पटांगणातील सतरंजीवर बसून दोन तास प्रश्न ऐकून घ्यावेत. शाल-श्रीफळाची व्यवस्था गाव करील.