होतालुका

आबामामा तलाठी म्हणून निवृत्त झाले. पुढे नजर गेली, पण पेपरातली जाहीर नोटीस कानावर पडल्याशिवाय त्यांना सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. त्यांच्या संगणकावर एनव्हीडीए आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. पडद्यावरचा मजकूर ते आवाजाच्या इंजिनाकडे पाठवतं आणि इंजिन तो मराठीत वाचतं.

वाचतं, पण नोटिशीची भाषा त्याला कळत नाही. ‘ता.’, ‘जि.’, ‘रा.’, ‘मु. पो.’ हे सगळं ते जसंच्या तसं उच्चारतं. यावर उपाय आहे. मजकूर आवाजाकडे जाण्याआधी वाटेत एक शब्दकोश लागतो. त्यात एका रकान्यात शोधायचा साचा लिहायचा, दुसऱ्यात बदली मजकूर. मी उत्साहाने पहिली नोंद केली : ‘ता.’ दिसला की ‘तालुका’.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. “अरे, हा आवाज प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘होतालुका’ का म्हणतो?”

‘होता.’ या शब्दाच्या शेवटीही ‘ता.’ आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शिवाय पूर्णविरामही गिळला गेल्याने पुढचं वाक्य त्याला चिकटून येत होतं. मराठीत किती वाक्यं ‘होता’ने संपतात हे त्या दिवशी मोजून कळलं.

मग रेग्युलर एक्स्प्रेशनकडे वळलो. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये संगणकावरच्या शोधासाठी वापरात आणलेली ही साच्यांची लिपी. त्यात शब्दाची सीमा दाखवणारं चिन्ह असतं. ते ‘ता’च्या आधी लावलं. ‘ममता.’ वाचली, पण ‘कविता.’ची ‘कवितालुका’ झालीच. ‘असता.’ सुटला, ‘रस्ता.’ अडकला. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर उलगडलं. एनव्हीडीए पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे आणि पायथॉन शब्दाचा भाग म्हणून अक्षरं-अंक धरतं, काना-मात्रा-वेलांटी आणि हलन्त धरत नाही. ‘कवि’ची वेलांटी आली की त्याच्या लेखी शब्द संपला, आणि पुढचा ‘ता’ नवा शब्द! इंग्रजीच्या मापाने शिवलेला सदरा आपल्या वेलांटीपाशी उसवतो तो असा. शेवटी ते सीमाचिन्ह काढून टाकलं आणि सरळ लिहिलं : मागे देवनागरीतलं काहीही नसेल तरच बदल कर. ‘होता’ सुटला.

तरी तीन ‘ता.’ उरले. पुढे आकडा असेल तर तारीख, गाव असेल तर तालुका, आणि भाचीच्या पत्रातला ‘ता. क.’ म्हणजे ताजा कलम. नोंदी वरून खाली क्रमाने लागतात, म्हणून ताजा कलम सगळ्यांत वर ठेवला. साच्याच्या लिपीत नुसत्या टिंबाचा अर्थ ‘कुठलंही एक चिन्ह’ असा होतो. खरं टिंब हवं तर त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. ती विसरलो. संध्याकाळी मामांनी ‘ता. करवीर, जि. कोल्हापूर’ अशी नोटीस ऐकली ती ‘ताजा कलमवीर’ या पत्त्याची. ते एवढे हसले की रेघ द्यायचं मला जिवावर आलं.

७/१२ चा नियम त्यांनीच सांगितला. आवाज दोन सुटे आकडे वाचून मोकळा व्हायचा; त्यांना ‘सातबारा’ हवा होता. मी लिहिला, तर ७/१२/२०२४ ही तारीख ‘सातबारा’ने सुरू व्हायला लागली आणि १७/१२ मधूनही सातबारा निघाला. आता दोन्ही बाजूंना आकडा किंवा तिरकी रेघ नाही ना, हे आधी पाहतो. साचा पाच मिनिटांत लिहून होतो. तो कुठे कुठे चुकेल हे ओळखायला मामांसारखा कान लागतो. त्यांनी आयुष्यभर हीच कागदपत्रं लिहिली आहेत.

परवा ‘मो.’चं ‘मोबाइल’ केलं आणि नाटकावरच्या एका लेखात ‘मोबाइल ग. रांगणेकर’ अवतरले. पुढे आकडा असेल तरच, अशी अट घातली. रांगणेकरांचं काय करायचं, असं मामांना विचारलं. “त्यांना हात लावू नकोस,” मामा म्हणाले, “आम्हीही त्यांना मो. ग.च म्हणायचो.”