ड्रायर ढिम्म हलत नाही

ड्रायर बंद पडतो तो पावसाळ्यातच. यात नशिबाचा भाग कमी आणि वापराचा जास्त. एप्रिल-मे महिन्यात सेमी ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर बिघडला तरी घरात कुणाला फारसा फरक पडत नाही. कपडे हाताने पिळून गच्चीवर टाकले की तासाभरात कडक. आषाढ लागला की त्याच ड्रायरवर सगळी भिस्त. जीनच्या पँटी, टर्किशचे टॉवेल, शाळेचे युनिफॉर्म, सगळं त्याच्या पोटात कोंबलं जातं. बाल्कनीत ओल, आणि मशीनच्या तळाशी कोरडा आडोसा बघून उंदीर मुक्कामाला आलेले. मग एका सकाळी टायमर फिरवावा, तर आतली बास्केट जागची हलत नाही.

मेकॅनिकला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, आवाज येतोय का? नुसतं घूं करतंय, का काहीच नाही?" बऱ्याच गिऱ्हाइकांना हा प्रश्न टाळाटाळीचा वाटतो. प्रत्यक्षात त्या उत्तरावरच तो ठरवतो की पिशवीत काय टाकून निघायचं.

दोन टबांचं मशीन म्हणजे एका कव्हरात शेजारी शेजारी बसवलेली दोन वेगळी यंत्रं. धुण्याच्या टबाची मोटार वेगळी, ड्रायरची वेगळी. टायमरही दोन. सामाईक असते ती विजेची वायर आणि पुष्कळदा एकाच डबीत बसवलेला दुहेरी कपॅसिटर, ज्याला दुकानात अजून कंडेन्सर म्हणतात. त्यामुळे पहिली चाचणी फुकटातली आहे. शेजारचा टब चालतोय का ते बघायचं. तो चालत असेल तर प्लग, फ्यूज, वायर यांच्यावरचा संशय तिथेच मिटतो.

ड्रायरची बास्केट साधारण २४-२५ सेंटीमीटर व्यासाची, उभी, भोकाभोकांची. तिच्याखाली थेट मोटारीचा शाफ्ट. मध्ये पट्टा नाही, गिअर नाही. मोटार चार पोलची असते. ५० हर्ट्झच्या विजेवर तिच्या चुंबकीय क्षेत्राची गती मिनिटाला १५०० फेरे. मोटार त्याच्या थोडी मागे राहते, म्हणजे साधारण १३५० फेरे धरा. हिशोब मांडला तर बास्केटच्या काठाशी दाबलेल्या कापडावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४० पट जोर येतो आणि काठाचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या घरात जातो. दोघांनी दोन टोकं धरून पिळलेली चादरही दोरीवर ठिबकत राहते आणि ड्रायरमधून काढलेली ठिबकत नाही, ती यामुळे. एवढा वेग प्लॅस्टिकच्या पातळ टबात कोंडलेला असल्यामुळेच या यंत्रात फिरवण्याच्या सोयीइतकीच थांबवण्याचीही सोय करून ठेवली आहे. ड्रायर फिरत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारी पुष्कळदा या थांबवण्याच्या सोयीशीच जाऊन भिडतात.

झाकणाचंच बघा. बाहेरचं झाकण हे नुसतं झाकण नाही. ते मिटलं की आतल्या बाजूचा छोटा स्विच दाबला जातो आणि मोटारीची वीज सुरू होते. त्याच वेळी एक बारीक तार ताणली जाते आणि खाली मोटारीवरच्या ड्रमला चिकटलेला ब्रेक शू बाजूला होतो. झाकण उचललं की उलट: वीज तुटते, तार सैल पडते, स्प्रिंग ब्रेकला ड्रमवर ओढते आणि बास्केट काही सेकंदांत थांबते. यातून एक गंमत होते. मशीन बिघडलं की माणूस आधी झाकण उघडतो, आत हात घालून बास्केट फिरवून बघतो, ती जड लागते, आणि निदान ठरतं: जाम झालंय. अहो, झाकण उघडं असताना ती जडच लागली पाहिजे! हलकी फिरली तर ब्रेक गेलाय. जाम आहे का हे बघायचं तर प्लग काढून, झाकण मिटल्यावर तार जशी ताणली जाते तशी ती ओढून धरून, मग बास्केट फिरवावी लागते.

तर आवाजाकडे येऊ. काहीच आवाज नसेल, तर मोटारीपर्यंत वीज पोचत नाही. झाकणाच्या स्विचची पत्ती वाकलेली असते, किंवा साबणाच्या ओलीने तिला गंज धरलेला असतो. नाहीतर टायमर. ड्रायरचा टायमर म्हणजे बहुधा पाच मिनिटांचं चावीचं घड्याळ. त्याचे पॉइंट ठिणग्यांनी काळे पडतात. कधी टायमर ठणठणीत असतो आणि त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा नॉब आतून झिजलेला असतो. नॉब फिरतो, दांडी फिरत नाही, टिकटिक ऐकू येत नाही. कधी उंदराने वायर तोडलेली असते. आणि एक शक्यता पैसे न मागणारी: सलग चार-पाच लोड झाले की मोटार तापते, तिच्या आतला थर्मल कटआउट उघडतो. अर्धा-पाऊण तास गप्प बसलं तर मशीन आपोआप चालू होतं, आणि मेकॅनिक दारात उभा असतानाच चालू झालं तर त्याला व्हिजिट चार्ज मागताना अवघडल्यासारखं होतं.

घूं आवाज येतो पण बास्केट हलत नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. इथे कपॅसिटरचा मान पहिला. घरातली वीज सिंगल फेज, आणि सिंगल फेजच्या मोटारीत चुंबकीय जोर नुसता मागेपुढे होतो, गोल फिरत नाही. सायकलचा पायडल बरोबर उभ्या रेषेत असताना वरून कितीही भार दिला तरी चाक हलत नाही, थोडा पुढे कललेला असला की लगेच सुटतं. तो कल देण्याचं काम कपॅसिटरचं. तो दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह पुढे सरकवतो आणि मोटारीला दिशा मिळते. ड्रायरचा कपॅसिटर साधारण ४ ते ६ मायक्रोफॅरडचा, वॉशचा त्याच्या दुप्पट. वर ४४० व्होल्ट छापलेलं असतं. वर्षानुवर्षं गरम होऊन तो आतून विरत जातो. ५ छापलेल्या डबीवर मीटर ३ दाखवतं. अशा वेळी मोटार कधी रिकामी फिरते, पण ओले कपडे घातले की नुसती गुणगुणते. शंभर-दोनशे रुपयांचा भाग, आणि पंधरा मिनिटांचं काम. पण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते. शहाणा कारागीर त्याची दोन टोकं आधी टेस्ट लॅम्पला लावून ती मोकळी करतो. आणि स्विच दाबून धरून चालू मोटारीच्या बास्केटला हाताने धक्का द्यायचा जो प्रयोग काही घरांत चालतो, तो करू नये. मोटारीने उचल घेतली तर बाही किंवा ओढणीचं टोक सुटणार नाही.

कमी दाबाची वीजही हेच सोंग घेते. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर सुरुवातीचा जोर जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो. शेतावरचे पंप चालू असताना ड्रायर उचलत नाही आणि रात्री दहानंतर सुरळीत फिरतो, अशी तक्रार खेडेगावातून आली की भाग बदलायच्या आधी मीटर लावलेलं बरं.

घूं बरोबर जळक्या रबराचा वास असेल तर ब्रेक. तार ताणून लांबली किंवा तुटली की झाकण मिटूनही शू ड्रमला घासत राहतो. मोटार एकीकडे ओढते, ब्रेक दुसरीकडे. घर बदलताना मशीन टेम्पोत आडवं टाकलं गेलं असेल तर आणखी एक प्रकार होतो: मोटार सुसाट फिरल्याचा आवाज येतो आणि बास्केट मात्र जागच्या जागी. शाफ्ट आणि मोटार जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू ढिला झालेला असतो. पाना फिरवला की काम झालं.

सगळ्यात वाईट दुखणं हळूहळू येतं आणि त्याची खूण फरशीवर दिसते. ड्रायरमध्ये खळबळताना मशीनखाली पाणी येतं, वॉशच्या वेळी येत नाही. म्हणजे सील गेलं. शाफ्ट बाहेरच्या टबातून जिथे खाली उतरतो तिथे रबराची एक घडीदार बाही असते. तिच्या ओठावर पाणी अडतं. ते रबर कडक झालं की पाणी शाफ्टवरून ओघळून थेट मोटारीवर पडतं. असं एक मशीन उघडताना जवळून बघण्यासारखं असतं. मेकॅनिक मागचं पॅनल काढतो, कपलिंग सोडतो आणि बास्केट वर उचलतो. खाली राखाडी तंतूंचा ओला थर, त्यात लहान मुलाचा एक मोजा, सेफ्टी पिन, ब्लाउजचं हूक. बोअरचं पाणी असेल तर टबाच्या तळाला खारेपणाचा पांढरा थर. मोजा शाफ्टभोवती इतका घट्ट गुंडाळलेला की तो ब्लेडने कापूनच काढावा लागतो; सीलचा ओठ बहुतेक वेळा असल्याच गुंडाळीने फाटतो. शाफ्टवर गंजाचं कडं. ते तो पॉलिश पेपरने उतरवतो, नव्या सीलच्या ओठाला बोटाने ग्रीस लावतो, बसवतो, आणि बास्केट परत घालायच्या आधी टबात तांब्याभर पाणी ओतून खालून मोबाइलचा उजेड पाडतो. थेंब आला तर पुन्हा काढा. इथे घाई करणारा मेकॅनिक महिन्याभरात परत बोलावला जातो. पाणी बेअरिंगमध्ये शिरून मोटार जळली असेल, तर वाइंडिंग करायचं का नवी मोटार घालायची हा प्रश्न. आतली तार तांब्याची असेल तर वाइंडिंगला अर्थ आहे, ॲल्युमिनियमची असेल तर सहसा नाही.

मोजा तिथे पोचतो कसा, याचं उत्तर सोपं आहे. कपड्यांवर दाबून बसवायची प्लॅस्टिकची जाळीदार चकती घरोघरी पहिल्या वर्षातच माळ्यावर जाते. ती नसली की हलके कपडे वेगात वर चढतात आणि बास्केटच्या काठावरून पलीकडे पडतात.

महाराष्ट्राचं आणि या यंत्राचं नातं जुनं आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय घरांत वॉशिंग मशीन पोचू लागलं, त्यात व्हिडिओकॉनचा वाटा मोठा. त्यांचा कारखाना तेव्हाच्या औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावर चितेगावला. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच्या कितीतरी आधी पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आला होता, आणि गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आयएफबीची फ्रंट लोड मशीन बनतात. आणि घरातल्या ड्रायरचा थोरला भाऊ म्हणाल तर तो कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये आणि मोठ्या लाँड्रीत भेटतो. त्याला तिथे नुसतं हायड्रो म्हणतात. तत्त्व तेच, बास्केट माणूस मावेल एवढी.

फुली ऑटोमॅटिकमध्ये मात्र नुसत्या कानाने काम भागत नाही. तिथे न फिरणं हा पुष्कळदा बिघाड नसून निर्णय असतो. बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये एकच छोटी ड्रेन मोटार दोन कामं करते: पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडते आणि त्याच ओढीत क्लच स्पिनवर आणते. ती गेली की पाणीही उतरत नाही आणि स्पिनही होत नाही, आणि घरातले पाइप साफ करत बसतात. फ्रंट लोडमध्ये खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या दारामागे पंपाचा फिल्टर असतो. त्यात एक रुपयाचं नाणं किंवा केसांचा बोळा अडकला की पाणी राहतं, आणि पाणी आहे तोवर मशीन वेग घेणार नाही. एकटी सोलापुरी चादर घालून बघा. ती भिजून एका बाजूला गोळा होते, मशीन दोन-चारदा ती पसरायचा प्रयत्न करतं आणि शेवटी तोल गेल्याचा कोड दाखवून थांबतं. सोबत दोन टॉवेल घातले की निमूट फिरतं. या मशीनांचं चातुर्य मान्य, पण सर्किट बोर्ड गेला तर त्याची किंमत ऐकून माणूस नवं मशीन बघायला निघतो. मला विचाराल तर जिथे नळाला दोनच तास पाणी येतं आणि वीज लहरी आहे, तिथे सेमीला अजून तोड नाही.

फक्त एका गोष्टीत तिच्याशी तडजोड होऊ नये. झाकणाचा स्विच गेला की काही घरं म्हणतात, "काका, तो स्विच डायरेक्ट करून टाका ना, कटकटच नको." दोन वायरी जोडल्या की ड्रायर फिरतोही. पण मग झाकण उघडं असलं तरी मोटार चालूच राहते, आणि घरात चार वर्षांचं पोर असतं. चांगला कारागीर हे करत नाही. तो ओले टॉवेल घालून ड्रायर पूर्ण वेगात आणतो, झाकण उचलतो आणि बास्केट थांबेपर्यंत बघतो. ती रेंगाळली तर ब्रेकची तार पुन्हा ओढून बांधतो. स्विच दुकानात नसेल तर सरळ सांगतो, "उद्या आणतो वहिनी, आजचे कपडे हाताने पिळा."