संगणक नसला तरी संगणकीय विचार शिकवू
संगणक घ्यायची ऐपत नाही म्हणून आपली मुले मागे पडू नयेत. संगणकीय विचार म्हणजे मोठा प्रश्न लहान टप्प्यांत फोडून क्रमाने सोडवणे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पायाभूत स्तरापासून त्यावर भर दिला आहे.

विहारातल्या रविवारच्या वर्गात आपण तीन वाट्यांत मटकी ठेवू : एकीत कोरडी, दुसरीत ओल्या फडक्यात, तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवलेली. मुले आधी अंदाज सांगतील, कृती क्रमाने लिहितील, रोज नोंद घेतील. 'ओल आणि हवा दोन्ही असतील, तर मोड नीट येतात' हा नियम ती स्वतःच मांडतील. अंदाज चुकला, तर कुठला टप्पा चुकला ते शोधतील.

ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ती सवय लहानपणीच लावूया.