पहिल्यांदाच विमानात बसताय? कानात दडे बसले, विमान हललं तरी घाबरू नका. आधी हे वाचा

जळगाव : कुसुंब्याजवळच्या जळगाव विमानतळाचं उद्घाटन मार्च २०१२ मध्ये झालं. मधली काही वर्षं विमानसेवा कधी सुरू तर कधी बंद अशीच गेली. एप्रिल २०२४ पासून आधी गोवा, हैदराबाद आणि मग पुणे, मुंबईसाठी उड्डाणं सुरू झाली. धुळ्याचे प्रवासीही जळगाव किंवा ओझर गाठतात. मुलाकडे पुण्याला निघालेले आजी-आजोबा, दवाखान्यासाठी मुंबईला जाणारे पेशंट यांचा हा अनेकदा पहिलाच विमानप्रवास असतो. तिकीट निघतं, पण मनात धाकधूक असते.

कान का दुखतात?
विमान वर जाताना आतल्या हवेचा दाब कमी होतो आणि उतरताना वाढतो. मोठ्या जेट विमानात हा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागेसारखा असतो. कानाच्या आतला दाब तेवढ्या लवकर बदलत नाही, म्हणून दडे बसतात. त्रास उतरताना जास्त होतो. कापसाचे बोळे घालून दाब कमी होत नाही. गोळी चघळा, आवंढा गिळा, जांभई द्या. तान्ह्या बाळाला उतरताना अंगावर पाजा. सर्दीने नाक पूर्ण बंद असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

विमान हलतं म्हणजे पडतं का?
नाही. जळगावहून उडणारी विमानं बहुतेक एटीआर जातीची, पंख्याची, सुमारे ७० आसनांची आहेत. ती मोठ्या जेटपेक्षा कमी उंचीवरून जातात. उन्हाळ्यात खान्देशची जमीन तापते, गरम हवा वर उठते आणि विमानाला हेलकावे बसतात. खराब रस्त्यावर एसटी आदळते, तसंच हे. सकाळी हवा बरीच शांत असते. पंखाजवळच्या आसनावर हेलकावे कमी जाणवतात, पण पंख्याचा आवाज जास्त येतो. हेलकाव्यांत इजा होते ती बहुतेक बेल्ट न लावलेल्यांना. म्हणून बसल्या जागी बेल्ट कायम लावलेला ठेवा.

पिशवीत काय, कुठे?
साधारण ७ किलोची एक बॅग सोबत नेता येते. लोणचं आणि मिरचीपूड सोबतच्या बॅगेत ठेवू नका. नीट बांधून मोठ्या बॅगेत द्या. पॉवर बँक मात्र जवळच ठेवायची, मोठ्या बॅगेत टाकायची नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशीच ठेवा. काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा दोन तास आधी पोहोचा. चालता येत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा.

उशीर झाला तर?
धुकं, पाऊस, वारा, कारण काहीही असो, काउंटरवरच्या पोरीवर ओरडून विमान लवकर येत नाही. उलट गोंधळ घातला तर विमानप्रवासावर बंदी येऊ शकते. पण हक्क माहीत असावा. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशांना चहा-नाश्ता देण्याचा नियम आहे. सहा तासांच्या वर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागता येतं. शांतपणे मागा, तिकिटाचा मेसेज जपून ठेवा.

आणि एक महत्त्वाचं. छातीत दुखलं, दम लागला, गरगरलं तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसू नका. डोक्यावरचं बटण दाबा. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असतं, विमानात ऑक्सिजनही असतो. रेल्वेने रात्र जाते तिथे विमानाला तास-सव्वातास लागतो. तेवढा वेळ बेल्ट लावून निवांत बसा. उड्डाणांचे दिवस आणि वेळा बदलतात, निघण्याआधी एकदा तपासून घ्या.