वळवाचा ढग वाढताना

काल दुपारी पुरंदरच्या बाजूला एक ढग उभा राहिला. कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत. तासाभरात माथा पसरून सपाट झाला आणि सासवडहून मेसेज आला: गारा सुरू!

एप्रिल-मेमध्ये आमचा ग्रुप दुपारी दोनपासून आभाळाकडे डोळे लावून बसतो.

खाली तापलेली जमीन, समुद्राकडून आलेलं बाष्प आणि वर थंड हवा, एवढं जुळलं की ढग १२ ते १५ किलोमीटरपर्यंत चढतो.

उन्हाळ्यात साधारण ५ किलोमीटरवर तापमान शून्याला येतं. त्याच्या वर गारेचा कण तयार होतो आणि वर चढणारा झोत त्याला झेलत राहतो. त्यावर बर्फाचे थर चढतात. वजन पेलेनासं झालं की गार सुटते.

मी आधी इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघतो, मग हवामान खात्याचं रडार. पण नुसत्या लाल ठिपक्यावर जाऊ नका. लागोपाठची चित्रं बघा, ढग कुठे सरकतोय ते कळतं. पुण्यात वळीव बऱ्याचदा पूर्वेकडून येतो.

अचानक गार वारा सुटला की समजा, ढगातून कोसळलेली थंड हवा पोचली. आता गच्ची सोडा.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. ३ सेकंद म्हणजे सुमारे १ किलोमीटर. ३० च्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा, झाडाखाली अजिबात नको. फोनमध्ये विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप ठेवाच.

रडारचं चित्र वाचताना काही अडलं तर विचारा. तुमच्याकडच्या ढगांचे फोटो वेळ आणि दिशेसह टाका.